पुरणयंत्र कोणाचं? टेक्सासमधल्या आमच्या घटस्फोटाचा अनुभव

आईला फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "वकील दोन, पण भांडण नाही? मग ते पैसे कशाचे घेतात?"

प्रश्न रास्त होता. मलाही तोवर घटस्फोट म्हणजे तारखांवर तारखा, एवढंच माहीत. आम्ही डॅलसजवळ प्लेनोत राहायचो. लग्न पुण्यात झालेलं, मुलगी आठ वर्षांची, अमेरिकेत जन्मलेली. वेगळं व्हायचं हे दोघांचं ठरलं होतं. कसं व्हायचं, यावर मात्र रोज खटके.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने 'कोलॅबोरेटिव्ह डिव्होर्स' हा शब्द कानावर घातला. मिनियापोलिसच्या स्टुअर्ट वेब या वकिलाने कोर्टातल्या भांडणांना कंटाळून १९९० मध्ये ही पद्धत सुरू केली. टेक्सासने २००१ मध्ये तिला कायद्यात जागा दिली. दोघांना आपापला वकील असतो, पण सगळं टेबलावर बसून ठरवायचं आणि कागद न मागता समोर ठेवायचे. ठरलं की कोर्टाने फक्त मोहोर उठवायची. आमच्या टेबलावर आणखी दोघी होत्या, एक समुपदेशक आणि एक पैशांचा हिशेब बघणारी. त्या दोघी कोणाच्याच बाजूच्या नव्हत्या.

खरी गोम करारातल्या एका कलमात आहे. बोलणी फिसकटली आणि कोणी कोर्टात गेलं, तर दोन्ही वकिलांनी बाजूला व्हायचं. नवे वकील शोधा, नवे पैसे भरा, पहिल्यापासून सुरुवात करा. सही करताना मला हे निव्वळ पैसे उकळायचं कलम वाटलं. तिसऱ्या बैठकीत नवरा ताडकन उठला आणि म्हणाला, "मग कोर्टातच बघू." त्याच्या वकिलाने शांतपणे फाइल मिटली. म्हणाला, "चालेल. मग उद्यापासून मी तुमचा वकील नाही." नवरा दोन मिनिटं खिडकीशी उभा राहिला आणि परत येऊन बसला. पाचव्या बैठकीत हीच पाळी माझ्यावर आली, ते जाऊ दे.

माझा सगळ्यात मोठा धसका व्हिसाचा होता. मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटाला. घटस्फोटाचा हुकूम निघाला की एच-४ संपला, त्यावरचं वर्क परमिटही गेलं. कोर्टात समोरच्याला हे आयतं हत्यार मिळतं. मी ते पहिल्याच बैठकीत बोलून टाकलं, आवाज कापत होता. समुपदेशक बाईंनी त्याला विचारलं, "मुलीची आई या देशात राहावी, असं तुम्हाला वाटतं का?" तो लगेच "हो" म्हणाला. त्या एका 'हो'वर सगळं वेळापत्रक बसवलं. नोकरीच्या व्हिसाच्या, म्हणजे एच-१बीच्या, मार्चमधल्या लॉटरीत माझा नंबर लागला, १ ऑक्टोबरपासून माझा स्वतःचा एच-१बी सुरू होणार होता. घटस्फोटाचा अर्ज ऑगस्टमध्ये केला. टेक्सासमध्ये अर्जानंतर किमान ६० दिवस थांबावंच लागतं, आम्ही ते जाणूनबुजून नोव्हेंबरपर्यंत लांबवलं. त्याच्या ग्रीनकार्डच्या रांगेतली माझी जागा मात्र गेली ती गेलीच. त्यावर कुठल्याच टेबलावर उपाय नाही.

त्याचा धसका वेगळा होता: मी मुलीला घेऊन पुण्याला जाईन आणि परत येणारच नाही. मला आधी राग आला. मग त्याच्या वकिलाने सांगितलं की परदेशी नेऊन ठेवलेली मुलं परत पाठवण्याबाबतचा १९८० चा हेग करार भारताने मान्य केलेला नाही, त्यामुळे भारतीय पालकांच्या बाबतीत इथे ही भीती नेहमीच निघते. म्हणजे शंका माझ्यावर नव्हती, नकाशावर होती. तरी दोन बैठका यातच गेल्या. शेवटी ठरलं ते असं: उन्हाळ्यात चार आठवडे आजीकडे, तारखा ६० दिवस आधी लेखी, परतीचं तिकीट आधी दाखवायचं, मुलीचा पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (ज्यावर तिला व्हिसाशिवाय भारतात जाता येतं) एरवी त्याच्याकडे. पासपोर्टवर मी अडून बसले होते. मग वाटलं, दरवर्षी आमरसाला मुलगी आजीकडे असणार असेल, तर पासपोर्ट कुणाच्या का कपाटात असेना.

पैशांचं त्या मानाने सरळ झालं. इथे लग्नानंतरची कमाई कोणाच्याही नावावर असो, दोघांची धरतात. त्याच्या निवृत्तीच्या खात्यातला माझा वाटा कोर्टाच्या वेगळ्या आदेशाने माझ्या खात्यात वळवला, त्यामुळे कर आणि दंड वाचला.

अडलो पुरणयंत्रावर. हिशेबवाल्या बाईंनी घरातल्या वस्तूंचा तक्ता पडद्यावर लावला होता. तिथे 'फूड मिल, स्टील, जुनं' अशी ओळ होती. ते त्याच्या आजीचं, कोल्हापूरहून आलेलं, एका जाळीचा काठ वाकलेला. होळीला दरवर्षी मीच ते फिरवलेलं. तो म्हणाला, "आजीचं आहे." मी म्हटलं, "तुला पुरण म्हणजे काय हे तरी माहीत आहे का?" अर्धा तास. माझ्या वकीलबाईंचा दर तासाला ४०० डॉलर, त्याच्याकडचाही तेवढाच. त्या अर्ध्या तासाच्या पैशांत तुळशीबागेतून डझनभर नवी पुरणयंत्रं आली असती. दोन्ही वकील 'फूड मिल'कडे बघत बसले होते. शेवटी तो नेणार असं ठरलं, आणि मी बाहेर गाडीत बसून रडले. घराची वाटणी झाली तेव्हा नव्हते रडले.

पुण्यातल्या फ्लॅटचं एक सांगून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. तो माझ्या नावावर करायचा होता. पुण्याच्या वकिलांनी सांगितलं, जे काय ते नवरा-बायको असतानाच करा. महाराष्ट्रात निवासी मालमत्तेचं बक्षीसपत्र नवरा-बायकोत असेल तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आणि वर अधिभार, घटस्फोटानंतर तेच परक्यांसारखं बाजारभावावर. त्याने कुलमुखत्यारपत्र पाठवून ते हुकुमाआधीच नोंदवून टाकलं. दुसरं म्हणजे, इथला घटस्फोट भारतात सहज मानला जाईल असं धरून चालू नका. सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा नरसिंहराव खटल्यातला निकाल आहे: परदेशी कोर्टाचं कारण हिंदू विवाह कायद्यात बसायला हवं, नाहीतर समोरच्याची खरीखुरी संमती हवी. म्हणून दोघंही स्वतः हजर होते आणि दोघांची संमती होती, हे आमच्या हुकुमात स्पष्ट लिहून घेतलं.

ही वाट सगळ्यांसाठी नाही. नवरा हात उचलणारा असेल किंवा पैसे दडवणारा असेल, तर टेबलावर बसून काही होत नाही, सरळ कोर्टात जावं.

शेवटची सुनावणी व्हिडिओवर झाली. जेमतेम दहा मिनिटं. न्यायाधीश बाईंनी करार वाचलाय का विचारलं, सही तुमचीच का विचारलं, संपलं. त्याच्या मागे किचनच्या ओट्यावर पुरणयंत्र दिसत होतं.

पुण्याच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावतीवर अजून दोघांची नावं येतात. सेक्रेटरीकाकांना तीनदा मेल केला. परवा उत्तर आलं: भागपत्रावरचं (शेअर सर्टिफिकेटवरचं) नाव बदलायला दोघांच्या सह्यांचा मूळ फॉर्म लागेल, झेरॉक्स चालणार नाही.