सकाळी सहाची संध्याकाळ

जर्मनीतल्या पहिल्या हिवाळ्यात मी पहाटेची ट्राम धरायचो. थांब्यासमोर एक बेकरी. तिच्या मागच्या दारातून रात्रपाळीचा बेकर बाहेर पडायचा, भुवयांवर अजून पीठ. आतून बाई ओरडायची, "श्योनन फायरआबेंट!"

यातल्या 'फायर'चा आगीशी संबंध नाही, नोकरीवरून काढण्याशीही नाही. श्योनन म्हणजे छान, फायर म्हणजे सण, आबेंट म्हणजे संध्याकाळ. घड्याळात सहा, बाहेर मिट्ट काळोख, आणि ही बाई त्याला सणाची संध्याकाळ देतेय!

'फायर'चं मूळ लॅटिनमधल्या 'फेरिए'त, म्हणजे सुट्टीच्या दिवसांत. शाळेच्या सुट्टीला जर्मन 'फेरिएन' म्हणतात तेही तिथलंच. मध्ययुगात फायरआबेंट म्हणजे सणाच्या आदली संध्याकाळ. चर्चच्या हिशेबात सण आदल्या दिवशी सूर्य मावळला की लागायचा. आपल्या 'पूर्वसंध्या'चा सख्खा भाऊच. त्या संध्याकाळी हत्यारं खाली ठेवायची. पुढे, सोळाव्या शतकापासून, कारागिरांच्या तोंडी सण गळाला आणि हत्यारं ठेवणं तेवढं उरलं, तेही रोजचं. संध्याकाळही आता नावापुरतीच. दुपारी तीनला काम संपलं तरी फायरआबेंट. पोरांचा दंगा हाताबाहेर गेला की आई दरडावते तेही "आता फायरआबेंट!" म्हणजे बास.

आबेंटचा असा घोळ आणखी एका शब्दात आहे. उत्तरेकडे आणि पूर्वेकडे शनिवारला 'सोनआबेंट' म्हणतात, रविवारची आदली संध्याकाळ. ती हळूहळू पसरत सकाळच्या न्याहारीपर्यंत आली. मग खऱ्या संध्याकाळचं काय? तिला म्हणतात 'सोनआबेंटआबेंट'. काटेकोर म्हणून मिरवणाऱ्या लोकांचा हा कारभार बघून मला फार बरं वाटलं.

आपल्याकडे सण नाही की संध्याकाळ नाही, नुसतं सुटणं. सुट्टीही त्यातूनच आली. गंमत म्हणजे आपण म्हणतो शाळा सुटली, ऑफिस सुटलं. जणू दावं त्यांच्या गळ्यात होतं. आईला हे सांगायचं राहूनच जातं. संध्याकाळी पाचला मी ट्राममध्ये चढतो, तिकडे साडेनऊ वाजलेले, ओटा पुसून झालेला. फोन उचलल्या उचलल्या तिचा एकच प्रश्न असतो, "सुटलास का रे?"

"सुटलो," मी म्हणतो, आणि मांडीवरचा लॅपटॉप हळूच मिटतो.