लटकती टकळी आणि दोन चिमटी

रविवार, रात्र

लोकर कातताना टकळी फिरवणं सोपं आहे. जड जातं ते तंतू ओढणं, आणि ही दोन्ही कामं एकदम जमलीच पाहिजेत, असं उगाच वाटत राहतं. आज मी ती वेगळी केली. टकळी फिरवली, धाग्यात पीळ भरू दिला आणि सरळ गुडघ्यांत धरून ठेवली. हात मोकळे! वरच्या हातात पेळू, म्हणजे पिंजलेल्या लोकरीची वळी, सैल धरायचा, खालच्या चिमटीने तंतू हळूच ओढायचे, हवे तेवढे विरळ झाले की तीच चिमूट वर सरकवायची. मागोमाग पीळ चढतो. फुगीर, पिंजारलेली लोकर डोळ्यांदेखत आकसते आणि तिचं सूत होतं. एवढं बघायलाही मी पुन्हा कातायला बसेन.

काही ठिकाणी तंतू हलतच नव्हते. कारण साधं होतं: लोकरीचा तंतू ७ ते १० सेंटीमीटरचा, आणि माझ्या चिमटी त्याहून जवळ. एकाच तंतूची दोन्ही टोकं आपणच धरून ठेवली तर तो सरकणार कसा? हात एकमेकांपासून लांब नेले, तंतू सरकू लागले. कापसाचा तंतू जेमतेम ३ सेंटीमीटरचा, म्हणून त्याची हलकी टकळी वाटीत टेकवून फिरवतात. हवेत लटकवली तर तिच्या वजनानेच धागा तुटायचा. शिकायला लोकरच बरी. तिच्या तंतूवर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात. मेरिनो मेंढीच्या लोकरीचा मऊपणा भुरळ घालतो खरा, पण ती बोटांतून निसटते. कॉरिडेल जातीच्या मेंढीची मध्यम जाडीची लोकर जास्त समजूतदार.

टकळीवर मात्र नजर हवी. वेग संपला की ती क्षणभर थांबते आणि उलट फिरू लागते. मग पीळ उकलतो, तंतू सुटतात आणि टकळी धाडकन जमिनीवर. फार हलकी असेल तर हे फारच लवकर होतं; माझी ५० ग्रॅमच्या आसपासची आहे, ती ठीक चालते.

युरोपात चरखा पोचला तेराव्या शतकाच्या सुमारास. म्हणजे त्याआधीच्या, उत्तर युरोपातल्या व्हायकिंग दर्यावर्दींच्या जहाजांच्या लोकरी शिडांचं सूतही टकळीवरचंच! कातणाऱ्यांच्या मानेचं काय होत असेल देव जाणे.

माझं सूत कुठे जाड, कुठे दोऱ्यासारखं. पीळ आधी बारीक जागी धावतो, त्यामुळे जाड जागा पोकळच राहतात. तिथे दोन्ही बाजूंनी धरून पीळ जरा उकलायचा आणि ओढायचं. सगळ्या गुठळ्या काढत बसायला मला कंटाळा येतो, थोड्या राहिल्या तर राहू देत.

उद्या दुपदरी करायचं. कातताना टकळी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवली, म्हणून दोन धागे एकत्र पिळताना उलटी. मग लडी कोमट पाण्यात भिजवून वाळत टांगायची. एका धाग्याची जाड जागा दुसऱ्याच्या बारीक जागेशेजारी आली, तर बरंच झाकलं जाईल.