आईच्या रक्तातलं इन्फेक्शन आमच्या घरातूनच आलं होतं

आईला घरी आणून तीन आठवडे झाले, पण बघायला येणारं प्रत्येक जण अजून हेच विचारतं, "हॉस्पिटलमध्ये लागलं का गं इन्फेक्शन?" नाही, घरातून आलं होतं, आणि ते मला नीट लिहूनच काढायचंय कारण तोंडी सांगितलं की कोणी ऐकत नाही.

आई 71 वर्षांची, शुगर जुनी. आम्ही लालबागला चाळीत राहतो, संडास गॅलरीच्या टोकाला, आणि तिचे गुडघे गेलेले. रात्री उठायला लागू नये म्हणून ती संध्याकाळनंतर पाणीच प्यायची नाही, लघवी आली तरी दाबून धरायची. हे मला माहीत होतं, मी दहा वेळा ओरडलेही असेन, पण ओरडून गुडघे बरे होत नाहीत. लघवीला जळजळ होत होती ते तर तिने सांगितलंच नाही.

मग एका संध्याकाळी हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, दोन गोधड्या घातल्या तरी थांबेना. पावसाळ्यात आपल्याकडे ताप म्हटलं की मलेरिया, डेंग्यू नाहीतर लेप्टो, दुसरं काही डोक्यात येत नाही. मामा खाली जाऊन केमिस्टकडून पॅरासिटामॉल आणि सेफिक्झिम ह्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊन आला, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. सेफिक्झिम 2014 पासून शेड्यूल एच वनमध्ये आहे, म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी लागते आणि केमिस्टला रजिस्टरमध्ये नोंद ठेवावी लागते, हे मला नंतर कळलं. रात्री ताप उतरला, आम्ही झोपलो.

सकाळी ताप नव्हता पण आई मला तिच्या गेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारत होती आणि श्वास इतका भराभर चाललेला की पदर हलताना दिसत होता. शेजारच्या काकू म्हणाल्या अशक्तपणा आहे, पेज दे. मी टॅक्सी बोलावली. ही एक गोष्ट मी बरोबर केली. म्हाताऱ्या माणसाला रक्तात इन्फेक्शन झालं तर ताप असेलच असं नाही, कधीकधी अचानक बरळणं हेच पहिलं लक्षण असतं. श्वास मिनिटाला 22 किंवा त्याच्या वर, वरचं बीपी 100 किंवा त्याच्या खाली आणि भान नीट नसणं, ह्यातलं काही दिसलं की थांबायचं नसतं, आईचं तर तिन्ही होतं.

कॅज्युअल्टीत गेल्या गेल्या सिस्टरनी आधी दोन्ही हातातून रक्त घेतलं, चार बाटल्या भरल्या, आणि मगच अँटिबायोटिक चालू केलं. मामा भडकला, एवढं रक्त कशाला काढता म्हणून. एका बाटलीत 8 ते 10 मिली जातं. मोठ्या माणसाच्या रक्तात बॅक्टेरिया फार विरळ असतात, बरेचदा एका मिलीत एकसुद्धा नाही, म्हणून थोड्याशा रक्तात सापडतच नाहीत. आणि अँटिबायोटिक आधी गेलं तर कल्चरमध्ये, म्हणजे त्या रक्तातले बॅक्टेरिया लॅबमध्ये वाढवून बघतात त्यात, बरेचदा काही वाढत नाही, मग डॉक्टरला अंदाजानेच औषध द्यावं लागतं.

दुसऱ्या दिवशी फोन आला, ई. कोलाय. आतड्यात राहणारा बॅक्टेरिया, लघवीच्या वाटेने किडनीपर्यंत आणि तिथून रक्तात. मी विचारलं, पण आईने तर आधी दोन गोळ्या घेतल्या होत्या, तरी वाढला कसा? डॉक्टर म्हणाले, तो त्या गोळ्यांना जुमानतच नव्हता म्हणून वाढला. रिपोर्टमध्ये सेफ्ट्रायाक्झोन ह्या अँटिबायोटिक इंजेक्शनपुढेही आर होता, म्हणजे रेझिस्टंट, तेही चालणार नव्हतं. त्याहून जोरदार मेरोपेनेम द्यावं लागलं. असले हट्टी बॅक्टेरिया हॉस्पिटलातच असतात असं मला वाटायचं, पण ते आता साध्या घरातल्या माणसांच्या पोटातही असतात.

आणि हॉस्पिटलचा प्रश्न डॉक्टरांनी एका वाक्यात मिटवला. भरती झाल्यावर 48 तासांच्या आत घेतलेल्या रक्तात बॅक्टेरिया सापडले तर ते पेशंटने बाहेरून आणलेले धरतात (डायलिसिसवाले किंवा नुकतेच हॉस्पिटलातून सुटलेले पेशंट वेगळे मोजतात). आईचं रक्त आम्ही पोचल्यावर अर्ध्या तासात घेतलेलं. मामाला हे तीनदा सांगितलं. तो गप्प बसला आणि मग हळूच म्हणाला, "त्या गोळ्या मी आणल्या ना गं." मला त्याचा राग आला नाही, केमिस्टने विचारलं नाही, आणि मीही घरातच होते.

घरी आल्यावर मी परळला सर्जिकलच्या दुकानातून कमोडची खुर्ची आणली. आई दोन दिवस तिच्याकडे बघेना, घरात कसं बसायचं म्हणून. मी पलंगाजवळ पडदा लावला, आता रात्री ती उठते आणि आठ वाजल्यानंतरही पाणी पिते. परवा शेजारच्या काकूंनी हळू आवाजात विचारलं, केवढ्याला मिळाली गं ती खुर्ची, त्यांचेही गुडघे दुखतात.