डच फ्लॅटची सोंड

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोहून इंटरस्टेट ८० या महामार्गाने पूर्वेला निघालं की सिएरा नेवाडा पर्वताचा चढ कधी सुरू झाला ते कळतच नाही. ऑबर्न, कोलफॅक्स, डच फ्लॅट. गाडी चढत राहते, मध्ये कुठे खोल उतार लागत नाही. हा प्रवास मी त्यासाठीच केला. थिओडोर जूडा या इंजिनिअरने १८६०-६१ मध्ये मोजून काढलेली, अमेरिका आरपार जोडणाऱ्या पहिल्या रेल्वेची रेघ मला डोंगरावर पाहायची होती.

त्याआधीचे सरकारी नकाशे मी मनसोक्त पाहिले होते. १८५३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने पॅसिफिकपर्यंतच्या रेल्वेसाठी दीड लाख डॉलर मंजूर केले आणि लष्कराच्या तुकड्या वेगवेगळ्या अक्षांशांवरून पश्चिमेला निघाल्या. कॅप्टन गनिसन त्याच वर्षी युटामध्ये मारला गेला. लष्करातल्याच वॉरनने १८५७ मध्ये सगळं एका नकाशात आणलं. नकाशा देखणाच आहे. पण रेल्वे उत्तरेतून न्यायची की दक्षिणेतून, या राजकीय भांडणाचा निकाल त्याने लागणार नव्हता. जूडाची तक्रार तर अगदी मुद्द्याची होती: अशा पाहणीवर कोणी पैसा लावणार नाही. चढ किती, खोदाई किती, पूल किती, खर्च किती, हे सांगा.

उत्तराचा धागा त्याला डच फ्लॅटमध्ये सापडला. तिथला औषधविक्रेता डॅनियल स्ट्राँग याने त्याला पत्र लिहून बोलावलं आणि दोन नद्यांच्या खोऱ्यांच्या मधोमध थेट माथ्यापर्यंत चढत जाणारी डोंगराची सोंड दाखवली. सिएरात बऱ्याच ठिकाणी डोंगराच्या दोन रांगा ओलांडाव्या लागतात, इथे एकच. मैलाला ११६ फुटांपेक्षा जास्त चढ चालणार नव्हता आणि ही सोंड त्यात बसत होती. डच फ्लॅटला उतरून दरीच्या कडेला उभं राहिलं की या शोधाचं मोल कळतं. बाजूचा कडा सरळ खाली जातो, आपण मात्र सपाट वाटेवर असतो.

याच मार्गावर पैशाचीही एक रेघ आहे. रेल्वे बांधणाऱ्या कंपनीला मिळणारे सरकारी कर्जरोखे सपाटीला मैलामागे १६ हजार डॉलरचे, डोंगरात ४८ हजारांचे. डोंगर कुठून सुरू होतो? भूगर्भतज्ज्ञ व्हिटनीने सांगितलं, सॅक्रामेंटोजवळच्या आर्केड क्रीकपासून! लिंकनने ते मान्यही केलं. आज तिथे जमीन तळहातासारखी सपाट दिसते.

डॉनर समिटला जुन्या हायवे ४० वरून चिनी मजुरांनी रचलेली भिंत दिसते. चुना नाही, सिमेंट नाही, फक्त एकात एक बसवलेले दगड. मी बराच वेळ नुसता तिच्याकडे बघत राहिलो. शेजारचा सहा नंबरचा बोगदा १,६५९ फुटांचा. दोन्ही टोकांकडून आणि मधल्या विहिरीतून दोन्ही बाजूंना, असा चार तोंडांनी खोदला. ग्रॅनाइट इतका कठीण की दारूगोळ्याने दिवसाला जेमतेम फूटभर खोदाई व्हायची. तरी तोंडं जुळली तेव्हा फरक दोन इंचांहूनही कमी निघाला.

जूडाने यातलं काही पाहिलं नाही. रेल्वे कंपनीतल्या भागीदारांशी बिनसल्यावर नवे भांडवलदार शोधायला तो न्यूयॉर्कला निघाला, वाटेत पनामात त्याला पीतज्वर झाला आणि २ नोव्हेंबर १८६३ ला तो गेला. १० मे १८६९ ला युटातल्या प्रोमोंटरीला पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ जुळले, तो त्याच्या आणि ॲनाच्या लग्नाचा वाढदिवस होता. ॲनाच्या वाट्याला त्या सोहळ्यात काहीच आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

१९९३ पासून जुन्या बोगद्यातून गाड्या जात नाहीत. आता त्या शेजारच्या डोंगराच्या पोटातून जातात. त्या डोंगराचं नाव माउंट जूडा.