तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे प्लेअर सोडून रोसित्स्कीच का?

लंडनच्या आर्सेनल क्लबची जुनी 7 नंबरची जर्सी, म्हणजे चेक मिडफिल्डर टोमाश रोसित्स्कीची, घालून टर्फवर गेलो की कोणीतरी हमखास विचारतंच, आन्री, बर्गकाम्प, फाब्रेगास असे एकेक सोडून तुला सापडला तो रोसित्स्की? तो तर कायम दवाखान्यातच असायचा. मग सगळे हसणार. चेल्सीवाला (म्हणजे लंडनच्याच दुसऱ्या क्लबचा फॅन) एक मित्र तर तो रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी "काय रे, तुझा हिरो आज फिट आहे का" असं अजून विचारतो. इतकी वर्षं हसून सोडून दिलं, आता एकदाच लिहून टाकतो, पुढच्या वेळी हेच फॉरवर्ड करीन.

तर पहिली गोष्ट, कायम दवाखान्यात असलेला माणूस देशासाठी 105 मॅच खेळत नाही. 2000 ते 2016, पाच युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) निघून गेले त्यात, त्यातल्या 2008 ला तो नव्हता ते मला तुमच्यापेक्षा जास्त लागलंय. आर्सेनलसाठी 246 मॅच. आता तुम्ही लगेच म्हणणार की दहा सीझन आणि 246, म्हणजे वर्षाला पंचवीसच्या आसपास, आणि रोज टीममध्ये असलेला माणूस चाळिशीपर्यंत जातो. बरोबर आहे. हिशोब मलाही येतो. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रोसित्स्की आम्हाला मिळालाच नाही, हे मान्य, पण त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला कोणीतरी सांगा.

आणि जो मिळाला तो कसला होता! विशीत जर्मनीच्या डॉर्टमुंडने त्याला प्रागच्या स्पार्टा क्लबकडून उचलला तेव्हा बुंडेसलीगातली, म्हणजे जर्मन लीगमधली, ती सगळ्यात महागडी खरेदी होती, दीड वर्षात ते चॅम्पियन झाले. 2006 च्या वर्ल्ड कपला गेल्सनकिर्शनमध्ये अमेरिकेविरुद्ध लांबून मारलेला तो गोल आठवा, नसेल आठवत तर शोधून बघा आणि मग बोला. बॉल घेऊन पळताना मान वर, आणि उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने असे पास की आपण घरी बसून आधी विचारतो हा कुणाला दिला आणि मग दिसतं की तिकडे माणूस पोचलाय.

2008 बद्दल फार लिहायचं नाहीये पण टाळताही येत नाही. 26 जानेवारी, इंग्लंडचा एफए कप, समोर न्यूकासल, आणि त्याची हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, गेली. सुरुवातीला काही आठवड्यांची भाषा होती. मग ते आठवडे लांबत गेले, युरो गेला, पुढचा अख्खा सीझन गेला, आणि परत उतरला थेट सप्टेंबर 2009 ला मँचेस्टर सिटीकडे, गोलही केला, पण आम्ही 4-2 हरलो आणि त्या मॅचमधलं लोकांना आठवतं काय, तर आमच्याकडून सिटीत गेलेला अडेबायोर आमच्या लोकांसमोर येऊन नाचला ते. हेच याचं नशीब. 2008 च्या मे महिन्यात लीग संपली तेव्हा मँचेस्टर युनायटेड 87 पॉइंट आणि आम्ही 83, आणि तेव्हाचा मी प्रत्येकाला धरून सांगायचो की तो असता तर लीग आमची होती, फक्त चार पॉइंट. आता मला ते "असता तर" ऐकवत नाही. आमच्या स्ट्रायकर एदुआर्दोचा पाय बर्मिंगहॅममध्ये मोडला, त्यानंतर टीमच हलली, एका माणसावर सगळं कसं टाकणार. पण चार पॉइंट म्हणजे दोन ड्रॉ उलटले असते तर बरोबरी, हे डोक्यातून जात नाही ते नाहीच.

खरं उत्तर मात्र वेगळ्या मॅचमध्ये आहे. 17 जून 2016, सेंट एटियन, युरो, क्रोएशिया. तो पस्तीस वर्षांचा. त्या अख्ख्या सीझनमध्ये आर्सेनलसाठी एकदाच उतरला होता, बर्नलीविरुद्ध, तेही सब म्हणून, आणि त्यातच मांडी गेली. अशा माणसाला चेक कोच व्रबाने टीममध्ये घेतलं, नुसतं घेतलं नाही, सुरुवातीपासून खेळवलं, आणि खरं सांगू, पहिला तासभर मला बघवत नव्हतं. क्रोएशियाचं मिडफिल्ड म्हणजे मोड्रिच आणि राकिटिच, आणि हा मागे मागे धावतोय, पेरिसिचचा गोल, राकिटिचचा गोल, 2-0. मी टीव्हीसमोर बसून म्हणत होतो काढा रे त्याला, अजून काय बघायचंय. इथे तुम्ही सगळे बरोबर ठरत होता.

मग 76 वं मिनिट. बॉल त्याच्याकडे आला, समोर माणसं, आणि त्याने तोच तो बाहेरच्या बाजूचा पाय लावला. बॉल वळत आत गेला आणि आपल्या स्कोडाने डोकं लावलं. 2-1. तसा क्रॉस तिथून नेहमीच्या पद्धतीने मारला असता तर पहिल्याच डिफेंडरला लागला असता असं मला वाटतं, अर्थात मला तर वाटणारच. त्यानंतर क्रोएशियाच्याच प्रेक्षकांनी मैदानात फ्लेअर्स, म्हणजे पेटत्या नळकांड्या, फेकल्या, मॅच थांबली, परत सुरू झाली, क्रोएशियाचा हँडबॉल, आपल्याला पेनल्टी, नेसिदने मारली, 2-2, मी घर डोक्यावर घेतलं. आणि त्या गडबडीत याची मांडी पुन्हा गेली होती. तीनही सब वापरून झालेले, म्हणजे बाहेर काढायची सोयच नाही. पुढची तुर्कस्तानची मॅच तो खेळू शकला नाही, ती 2-0 हरून टीम घरी गेली. देशासाठी 105 वी मॅच म्हणतात ती हीच.

आता सांगा, साठाव्या मिनिटाला मी म्हणत होतो तसं त्याला काढलं असतं तर? मांडी कदाचित वाचली असती, तुर्कस्तानविरुद्ध खेळला असता. आणि तो क्रॉस आला नसता. मी यावर आजवर दोन्ही बाजूंनी भांडलोय, कधीकधी एकाच संध्याकाळी. मित्र म्हणतो कोचने म्हाताऱ्या प्लेअरला वाया घालवला. मी म्हणतो वाया काय, तो क्रॉस बघितलास ना. मग घरी येताना मलाच वाटतं की हे मी म्हणायला सोपं आहे, मांडी माझी नव्हती.

नंतर तो स्पार्टाकडे परत गेला, पहिल्याच मॅचमध्ये वीसेक मिनिटं खेळला आणि पुन्हा सीझनभर बाहेर. डिसेंबर 2017 ला थांबला. मग तिथेच स्पोर्टिंग डायरेक्टर झाला, 2023 ला आणि 2024 ला स्पार्टा चॅम्पियन झाली, तर आता तोच चेल्सीवाला म्हणतो बघ, शेवट गोड झाला की नाही. नाही झाला. डायरेक्टर कोणीही चांगला मिळतो रे, मला तो खेळताना हवा होता.