आमची वाटचाल: कारागीर फोन उचलत नाहीत, म्हणून आम्ही आहोत

आम्ही क्यू, म्हणजे पूल-स्नूकर खेळायच्या काठ्या, बनवत नाही. आमच्याकडे लेथ नाही, पॉलिश फवारायची खोली नाही. लाकडाचा साठा आहे, पण त्याला हत्यार लावणारे हात दुसऱ्यांचे. पूल किंवा स्नूकर खेळणाऱ्याला हवा तसा क्यू चांगल्या कारागिराकडून करून घ्यायचा, जुन्याची दुरुस्ती करवून घ्यायची आणि तो त्याच्या हातात सुखरूप पोचवायचा, एवढाच आमचा धंदा. या कामात मधला माणूस हवाच कशाला, असं कुणीही विचारेल. हवा, कारण कारागीर फोन उचलत नाहीत.

सुरुवात क्यूच्या टोकाला बसणाऱ्या टिपा, खडू आणि क्यूच्या पेट्या विकण्यापासून झाली. त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. गिऱ्हाइकं येता-जाता विचारायची, ‘अमक्याकडे क्यू करायला टाकलाय, ॲडव्हान्स दिलाय, आता मेसेज बघतो पण उत्तर देत नाही. तुमची ओळख आहे का?’ ओळख असायची, कारण त्याच कारागिरांना टिपा आणि फेरूलचा, म्हणजे टिपेखालच्या नळीचा, माल आम्ही पुरवायचो. गिऱ्हाइकाला टाळणारा माणूस माल देणाऱ्याला टाळत नाही. आम्ही फोन केला की तो उचलला जायचा, आणि पलीकडून जे ऐकू यायचं ते गिऱ्हाइकाच्या तर्कापेक्षा बहुधा अगदी वेगळं असायचं. निरोप्याचं हे फुकटचं काम हळूहळू वाढत गेलं आणि पुढे तोच मुख्य व्यवसाय झाला.

गिऱ्हाइकाला पहिला संशय फसवणुकीचा येतो. पैसे घेतले, आता तोंड लपवतोय. तसं कधी कधी असतंही, त्याबद्दल पुढे सांगतो. पण क्यूच्या कामात काही न घडण्याचे दिवस फार असतात, हे बाहेरच्याला दिसत नाही. पूलच्या क्यूचा शाफ्ट, म्हणजे पुढचा निमुळता भाग, परंपरेने कठीण मेपल लाकडाचा, स्नूकरचा बहुधा ॲशचा. चौकोनी पट्टीपासून गोल दांडा, गोल दांड्यापासून निमुळता शाफ्ट, हे एका बैठकीत होत नाही. प्रत्येक वेळी थोडंसं कातायचं आणि दांडा उभा टांगून ठेवायचा. कातल्यावर लाकडाच्या आत दबलेला ताण मोकळा होतो, हवेतल्या दमटपणाप्रमाणे लाकूड फुगतं-आकसतं, आणि वाकायचं असेल तर ते याच काळात वाकतं. वाकलेला दांडा बाजूला काढायचा. उरलेले पुन्हा थोडे कातायचे, पुन्हा टांगायचे. असं करत टोक 12-13 मिलिमीटरवर येतं, स्नूकरचं 9-10 वर. घाई केली तर क्यू हातात पडतो त्या दिवशी सरळ असतो आणि ऋतू बदलला की टेबलावर लोळवताना डुलायला लागतो.

आता अशा वेळी गिऱ्हाईक विचारतं, ‘काम कुठवर आलं?’ खरं उत्तर आहे, ‘टांगलाय.’ महिन्याने विचारलं तरी ‘टांगलाय.’ ही थाप वाटणार, हे कारागिराला ठाऊक असतं. मग तो उत्तरच देत नाही. त्यात हातावर इपॉक्सी डिंक, अंगभर भुसा, लेथच्या आवाजात फोनची रिंग ऐकू येणं कठीण. बहुतेक ठिकाणी लाकूड कापणारा, हिशेब लिहिणारा, पार्सल बांधणारा आणि मेसेजला उत्तर देणारा माणूस एकच असतो. या चारांपैकी काय मागे पडणार, हे उघड आहे.

शिवाय एकट्याच्या कारखान्यातलं कामही दुसऱ्यावर अडलेलं असू शकतं. जॉर्ज बालाबुश्का (1912–1975) या रशियात जन्मलेल्या अमेरिकी कारागिराचं नाव पूलच्या जगात आजही आदराने घेतात. त्याच्या क्यूंमधले टोकदार नक्षीचे जोड असलेले कच्चे दांडे मात्र बऱ्याचदा बाहेरून आलेले असत. कधी ब्रन्सविक कंपनीच्या टायटलिस्ट क्यूंचे, कधी बर्टन स्पेन, कधी गस झांबोटी यांनी केलेले. कारागीर गप्प असेल तर तोही कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहत असेल, ही शक्यता आम्ही नेहमी धरून चालतो.

सगळ्यात लांबणारी शांतता मात्र वेगळीच असते. काम बिघडलेलं असतं. जडावाच्या कडेला फट राहिली, पॉलिशला बुडबुडे आले, शेवटच्या कातणीत बट, म्हणजे मागचा जाड भाग, वाकली, किंवा गिऱ्हाइकाने हौसेने दिलेलं लाकूड आतून तडकलेलं निघालं. नवा तुकडा घेऊन गुपचूप पुन्हा करावं आणि झाल्यावरच सांगावं, असं चांगल्यातला चांगला कारागीर ठरवतो. लाजेपोटी. आणि त्या ‘पुन्हा’ला वेळ मिळत नाही. जितके दिवस जातात तितकं सांगणं जड होतं. हाताने उत्तम काम करणारी ही माणसं चार ओळींचा मेसेज लिहिताना शाळकरी पोरासारखी अडखळतात, आणि त्यावर रागावून काहीही साधत नाही. रागाचा मेसेज आला की फोन आणखी लांब ठेवला जातो.

यावर आम्ही काढलेला तोडगा पैशाचा आहे. लाकूड आम्ही विकत घेतो आणि आमच्या खात्यावर कारागिराला देतो. तडकलं, वाकलं, कातताना गेलं तर त्याचा खर्च आमचा, अट एकच: त्याच आठवड्यात सांगायचं. न सांगता नवं लाकूड वापरलं तर ते त्याच्या खात्यावर. एवढ्या एका अटीने आमच्याकडच्या निम्म्याहून जास्त कटकटी मिटल्या. वाईट बातमी सांगण्याचे पैसे पडत नाहीत, लपवण्याचे पडतात, हे कळल्यावर जे मास्तर महिनोन् महिने गप्प असायचे ते आपणहून तुटलेल्या तुकड्याचे फोटो पाठवायला लागले. एकाने तर पाठवताना लिहिलं, ‘घ्या, तुमचं नुकसान.’ आम्ही खूश!

दुसरा बदल प्रश्नांचा. ‘काय झालं?’, ‘कधी देणार?’ असं आम्ही विचारत नाही. ‘मास्तर, शाफ्टची तिसरी कातणी झाली का?’ असं विचारतो. उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा एक फोटो, यापलीकडे काही लागू नये. एका मेसेजमध्ये एकच प्रश्न. तीन प्रश्न विचारले तर तिसरा अवघड असतो आणि त्याच्यापायी पहिल्या दोघांचंही उत्तर येत नाही. वेळही बघून विचारतो, कातकाम चालू असताना नाही.

तिसरं म्हणजे मागणीचा कागद. गिऱ्हाईक सांगतं, ‘माझ्या जुन्या क्यूला नवा शाफ्ट हवाय.’ पण शाफ्ट आणि बट जोडणारी पिन, म्हणजे आट्यांचा स्क्रू, कुठली? तीन अष्टमांश इंच, इंचाला 10 आटे? की पाच सोळांश, आणि त्यातही 14 आटे की 18? 14 आणि 18 नुसत्या नजरेने ओळखणं नवख्याला जमेलच असं नाही, आणि एकाचा शाफ्ट दुसऱ्यावर बसत नाही. जोडाचा व्यास, टोकाचा व्यास, फेरूलची लांबी, रॅप, म्हणजे मुठीवरचं वेष्टण, लिननचा की चामड्याचा की नकोच, वजन किती. पूलचा क्यू साधारण 58 इंच आणि 18 ते 21 औंस, म्हणजे 510 ते 595 ग्रॅम. पण ‘जरा जड करा’ याचा अर्थ प्रत्येकाचा निराळा. यातलं काही राहिलं असेल तर कारागिराने फोन करून विचारायला हवं, आणि तो ते करत नाही. काम बाजूला ठेवतो आणि पुढचं हातात घेतो. गिऱ्हाइकाला वाटतं काम चालू आहे, कारागिराला वाटतं माहिती यायची आहे. म्हणून कागद पूर्ण भरल्याशिवाय आम्ही मागणी पुढे धाडत नाही. मोजमाप जमत नसेल तर क्यूच मागवून घेतो आणि आमची भागीदार कॅलिपर लावून बसते. तिच्या मोजमापावर आजवर एकाही मास्तरांनी शंका घेतलेली नाही, माझ्यावर घेतात.

आता फसवणुकीबद्दल. एका कारागिराचा हात असा होता की त्याने चाकूने साफ केलेले जडावाचे कोपरे बघत राहावेत. यंत्राचं पातं गोल फिरतं, त्यामुळे आतला कोपरा थोडा गोलसर राहतो. तो टोकदार करायचा तर हाताने कोरावा लागतो आणि तिथे हा माणूस थकायचा नाही. पण नव्या ॲडव्हान्समधून जुनी कामं पुरी करायची सवय त्याला लागली होती. त्याची चिन्हं आता आम्हाला ओळखू येतात. टप्पा पूर्ण व्हायच्या आधी पैशाची मागणी येते. ‘सगळे आताच दिले तर सूट देतो’ असा प्रस्ताव येतो. आपल्या कामाचा फोटो मागितला की दुसऱ्याच्या क्यूचा येतो. अशा वेळी मनधरणीही उपयोगाची नाही आणि धमकीही. आम्ही लेखी कळवलं: आहे त्या अवस्थेत सगळं परत करा, अर्धवट असलं तरी चालेल, पार्सलचा खर्च आमचा. अर्धवट काम परत करायची मुभा मिळाली की माणूस सुटल्यासारखा वागतो. लाकूड आलं. पैसे काही आले, काही बुडाले. तेव्हापासून मोठी रक्कम आगाऊ देणं बंद आहे. लाकडाचे आमचे, मग जोड झाल्यावर एक हप्ता, शाफ्ट शेवटच्या मापाला आल्यावर दुसरा, पॉलिशनंतर उरलेले.

तो अर्धवट माल पुरा करायला दुसरा कारागीर मिळवणं, हे मात्र वेगळंच दुखणं निघालं. दुसऱ्याचं अर्धं काम कुणाला आवडत नाही. आतला डिंक कुठला, मधल्या जोडाला पिन आहे की नाही, काही कळत नाही. दांडा लेथवर नव्याने मध्यावर धरताना केसभर सरकला तर कातल्यावर नक्षीची टोकं वर-खाली दिसतात, एक लांब, एक आखूड. शेवटी ज्यांनी ते काम घेतलं त्यांनी टोकांची हमी देणार नाही असं आधीच सांगितलं, आणि आम्ही ते शब्द जसेच्या तसे गिऱ्हाइकांना कळवले. एक-दोघांनी क्यू नाकारला, बाकीच्यांनी घेतला.

कागदपत्रांचाही उल्लेख करायला हवा, कारण त्यातूनही शांतता निर्माण होते. शिसवीच्या जातीची, म्हणजे डालबर्जिया वंशातली सगळी लाकडं 2 जानेवारी 2017 पासून वन्यजीव-व्यापाराच्या साइट्स कराराच्या यादीत आली. क्यूवाल्यांचं लाडकं कोकोबोलो त्यातच. 2019 मध्ये तयार वस्तूंना एका पार्सलमागे 10 किलो लाकडापर्यंत सूट मिळाली, कच्च्या लाकडाला नाही. म्हणजे तयार क्यू सीमेपार सहज जाईल, पण त्याच लाकडाचा दांडा परवान्याशिवाय अडकेल. जुन्या क्यूचं फेरूल किंवा जोड हस्तिदंती असेल तर आणखी वाईट, क्यू सीमेवर जप्त होऊ शकतो. हे कारागिराच्या ध्यानात उशिरा येतं आणि मग तो पार्सल हातात घेऊन गप्प बसतो. आम्ही आता मागणी घेतानाच विचारतो, क्यू किती जुना, पांढरा भाग कशाचा, आणि तो कुठल्या देशात जायचा आहे.

गिऱ्हाइकांबद्दल थोडं खरं बोलतो, राग मानू नये. काम रखडतं त्यात कारागिराइतकाच वाटा मनं बदलण्याचा असतो. जोड चिकटल्यावर ‘नक्षीची चारऐवजी सहा टोकं करता येतील का?’ असं विचारणारे भेटतात. त्या प्रश्नाला कारागीर उत्तर देत नाही, याचं मला नवल वाटत नाही. लाकूड कापलं की नक्षी गोठली, हे आमच्या कागदावर ठळक छापलेलं आहे. आणि क्यू अजून त्याच्या ताब्यात असताना चारचौघांत त्याच्या नावाने बोंब मारू नका. आधी वस्तू परत मागा, लेखी, तारीख घालून. ती आली की मग हवं ते लिहा, तो तुमचा हक्क आहे.

एक मास्तर मध्यंतरी बराच काळ गप्प होते. आमच्या सगळ्या युक्त्या हरल्या. मग त्यांच्या मुलीचा फोन आला, बाबा आजारी आहेत, खोलीत टांगलेल्या दांड्यांवर कुणाची नावं आहेत ते मला कळत नाही. तेव्हापासून आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक दांड्याला क्रमांकाची चिठ्ठी बांधलेली असते, आणि कारागिराखेरीज त्याच्या घरातला एक नंबर आम्ही घेऊन ठेवतो. मास्तर बरे झाले. आता ते नवे क्यू घेत नाहीत, फक्त शाफ्ट करतात, तेही मोजके.

सध्याची स्थिती अशी. टिप, फेरूल आणि रॅपची कामं चालू आहेत, त्यात फारसं थांबावं लागत नाही. शाफ्टच्या मागण्या घेतो, कागद पूर्ण भरलेला असेल तर. दोन लाकडं बोटांसारखी एकमेकांत गुंतवून केलेल्या पूर्ण स्प्लाइसच्या क्यूंची यादी आम्ही बंद ठेवली आहे, कारण ते काम विश्वासाने द्यावं असे दोघेच आमच्याकडे आहेत आणि त्यांच्या दांडे टांगायच्या खुंट्या भरलेल्या आहेत. एखादी खुंटी मोकळी झाली की यादीतल्या पहिल्या माणसाला आम्हीच फोन करू. तारीख आम्ही देत नाही. कुठला टप्पा झाला ते मात्र दर महिन्याला फोटोसकट कळवतो, आणि काही झालं नसेल तर ‘टांगलाय’ असंही कळवतो.