दीड वर्षाच्या मुलीसाठी पाळणाघर शोधताना

बाळंतपणाची रजा संपल्यावर वर्षभर माझ्या आईने आमच्या मुलीला सांभाळले. पुढे आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आणि ती कराडला परत गेली, तेव्हा मुलगी दीड वर्षाची होती. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे बंधनकारक ठरले. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन मुलाला भेटता येईल, अशीही तरतूद त्यात होती. माझ्या कंपनीने त्याप्रमाणे हिंजवडीतल्या एका पाळणाघराशी करार केलेला होता. पण आम्ही राहतो सिंहगड रस्त्याला. चार भेटींचा हक्क पदरात पाडून घेण्यासाठी एवढ्याशा मुलीला रोज दोन्ही वेळा त्या वाहतुकीत अडकवून ठेवणे मला पटेना, म्हणून घराजवळचेच पाळणाघर पाहायचे ठरले.

माझी नणंद इंग्लंडमध्ये रेडिंगला एका नर्सरीत काम करते. तिने फोनवर एवढेच सांगितले, "वहिनी, भिंतींवरची चित्रं बघत बसू नकोस. जेवणाच्या वेळेला जा आणि एका बाईच्या वाट्याला किती मुलं येतात ते मोज." दोन वर्षांखालील दर तीन मुलांमागे एक मोठे माणूस असलेच पाहिजे, असा तिथला नियम आहे. शिवाय प्रत्येक मुलासाठी एक व्यक्ती नेमून दिलेली असते. मूल कशाने रडते आणि कशाने निवते हे तिला माहीत असावे आणि पालकांनाही बोलण्यासाठी एक ठरलेले माणूस असावे, असा त्यामागचा हेतू. तीनास एक हे प्रमाण आपल्या शुल्कात बसणार नाही, याची मला कल्पना होती. मात्र 'माझ्या मुलीचे सगळे कोण पाहील?' हा प्रश्न मी प्रत्येक ठिकाणी विचारू लागले आणि उत्तरांतून बरेच काही कळू लागले. 'आमच्याकडे सगळ्याच मावश्या सगळ्यांचं करतात,' हे उत्तर सर्वाधिक वेळा मिळाले.

एका ठिकाणी प्रवेशापूर्वी मुलीशी 'इंटरॅक्शन' करावे लागेल, असे सांगितले गेले. पूर्वप्राथमिक प्रवेशासाठी मुलांच्या मुलाखती घेण्यास मनाई करणारा कायदा महाराष्ट्रात १९९६ सालीच झाला होता, आणि इथे तर दीड वर्षाच्या मुलीला लाल रंग ओळखायला लावायचा होता. आम्ही चहाही न घेता उठलो.

दुसरे ठिकाण मात्र पहिल्या भेटीत मनात भरले होते. स्वच्छ, वातानुकूलित, आणि पालकांना दिवसभर मोबाईलवर मूल दिसावे यासाठी कॅमेऱ्यांची सोय. नणंदेचे ऐकून मी दुसऱ्यांदा दुपारी बाराच्या सुमारास गेले. मुले अर्धवर्तुळात खुर्च्यांना पट्ट्यांनी बांधून बसवलेली होती, समोरच्या टीव्हीवर इंग्रजी बडबडगीते चालू होती आणि एक मावशी एकाच वाटीतून, एकाच चमच्याने ओळीने घास भरवत पुढे सरकत होती. मुले टीव्हीकडे पाहत तोंड उघडत होती. मावशीचा त्यात काही दोष होता असे मी म्हणणार नाही. एवढ्या मुलांना अर्ध्या तासात जेवू घालायचे तर दुसरे काय करणार? कॅमेऱ्यातून मात्र हे सारे अगदी शिस्तशीर दिसले असते. त्यात आवाज येत नव्हता, त्यामुळे तिथे कुणी कुणाशी बोलतच नाही, हे पालकांना कधी कळण्याचा संभव नव्हता.

शेवटी जिथे प्रवेश घेतला ते पाळणाघर एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर आहे. रंगकाम आवश्यक झाले आहे, असे माझ्या यजमानांचे मत होते आणि अजूनही आहे. तिथेही मी दुपारीच गेले. मुले पाटांवर बसली होती आणि प्रत्येकापुढे स्वतःची ताटली होती. एक मावशी सव्वा वर्षाच्या मुलाचे लंगोट बदलत होत्या आणि त्याला सांगत होत्या, "आता पाय वर करू या हं. पाणी गार लागेल बघ, लागलं ना? आता कुठला पाय? हा? नाही, तो दुसरा." मुलाने दुसरा पाय उचलला आणि दोघेही हसले. या वयातले शिक्षण याहून वेगळे काय असते, हे मला कुणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही. कामावरच्या चार मावश्यांपैकी तिघी पाच वर्षांहून अधिक काळ तिथेच आहेत, हेही विचारल्यावर कळले, आणि माझ्या लेखी ते कॅमेऱ्याहून मोलाचे होते.

पाळणाघर चालवणाऱ्या ताईंनी कोसबाडचे बालशिक्षणाचे काम तरुणपणी जवळून पाहिलेले आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे सहकारी अनुताई वाघांसह ते कोसबाडला नेले. तिथे महागड्या साधनांऐवजी गावात मिळणाऱ्या वस्तू शिक्षणासाठी वापरल्या गेल्या आणि मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे हाही शिक्षणाचाच भाग मानला गेला. ताईंकडच्या कपाटात म्हणूनच शिंपले, रिकामे डबे, कापडाचे तुकडे आणि नारळाच्या करवंट्या आहेत. चिंचोके मात्र तीन वर्षांपुढच्या मुलांनाच आणि मोजून दिले जातात, कारण लहान मुले ते नाकात घालतात. "एकदा दवाखान्यात पळावं लागलं होतं," असे त्यांनी आपणहून सांगितले, आणि माझा विश्वास बसला तो तेव्हा.

रुळवण्याचा काळ सोपा गेला नाही. सुरुवातीला मी तिच्याजवळ बसून राही, मग बाहेरच्या ओट्यावर, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. लपून निघून जायचे नाही, तिला सांगूनच जायचे, मग ती कितीही रडली तरी चालेल, अशी ताईंची अट होती. पावसाळ्यात हात, पाय आणि तोंडाला फोड आणणाऱ्या साथीने निम्मी मुले घरी बसली, त्यात आमचीही होती. त्यानंतर एका संध्याकाळी तिच्या दंडावर दातांचे वळ दिसले. विचारण्याआधीच मावशींनी वही पुढे केली: वेळ, कारण (लाल डबा), लगेच बर्फ लावल्याची नोंद. चावणाऱ्या मुलाचे नाव त्यांनी सांगितले नाही, आणि मी विचारले तेव्हाही सांगितले नाही. त्या वेळी राग आला होता. काही महिन्यांनी आमच्याच मुलीने दुसऱ्या एकाला चावा घेतला, तेव्हा त्या नियमाचा लाभ आम्हाला झाला.

आता नातेवाइकांचे शाळेबद्दल विचारणे सुरू झाले आहे. नर्सरीसाठी ३१ डिसेंबरला तीन वर्षे पूर्ण असावी लागतात आणि आमची मुलगी जानेवारीतली आहे. एक वर्ष वाया जाणार, असे सासूबाईंना वाटते, तर मला ते आयते मिळाल्यासारखे वाटते. पुढच्या वर्षाचे शुल्क आम्ही भरून टाकले. फक्त आणण्याची वेळ साडेसहाऐवजी सहा केली आहे. त्या शेवटच्या अर्ध्या तासात एकेक मूल घरी जाऊ लागते, मावश्या आवराआवरीत असतात आणि मागे राहिलेल्यांचा धीर सुटतो, हे मी दारात उभी राहून पुष्कळदा पाहिले आहे. त्यासाठी मला कार्यालयातून लवकर निघावे लागते, आणि त्याबद्दलची बोलणी अजून चालू आहेत.